चौदाचे रीडिंग

हरबाजी मास्तर, त्यांचे चिरंजीव किसन गुरुजी आणि त्यांचे चिरंजीव विठ्ठल सर यांच्या घराण्यात चौथ्या पिढीतली शिक्षिका म्हणजे जळगाव जामोदच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका पुष्पांजली.

प्रात्यक्षिक परीक्षेत एकोणचाळीस विद्यार्थ्यांनी गतवर्षीच्या वह्यांतून टायट्रेशनचे, म्हणजे किती ॲसिड लागले त्याचे, रीडिंग उतरवले, दहा. दरवर्षी असेच चाले. एकट्या छकुलीने स्वतः मोजून चौदा लिहिले.

"सगळ्यांचे दहा आणि तुझेच चौदा कसे?"

"मॅडम, मले तं चौदाच आलं. खोटं काऊन लिहू?"

पुष्पांजलींनी तिला शून्य दिले. मुलीचे वर्ष जाणार होते.

काचेची भांडी धुताना परिचर राजकुमार सहज म्हणाला, "मॅडम, आसिड कमी होतं. सकाळी म्या पानी टाकून वाढवलं." पातळ ॲसिड जास्त लागते; म्हणजे खरे रीडिंग चौदाच होते.

पुष्पांजलींनी गुणपत्रक पुन्हा पुढे ओढले. छकुलीसमोर पैकीच्या पैकी वीस लिहिले आणि उरलेल्या एकोणचाळीस नावांसमोर शून्य. हायसे मात्र वाटले नाही.


तीस वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत वहीतला आकडा उतरवून त्यांनी वीस गुण मिळवले होते आणि खरा आकडा लिहिणाऱ्या वर्गमैत्रीण शालूला शून्य मिळाले होते. ते देणे आज पुरते फिटले.