वास न येणारी बादली

“ह्या डायपरच्या बादलीतून वास अजिबात येत नाही?” चष्मेवाल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“झाकण बंद असेपर्यंत नाही येत,” विक्रेती म्हणाली. “पण झाकण तर दिवसातून आठ वेळा उघडावंच लागतं.”

मालकाने हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण खोटं बोलून माल खपवणं तिच्या जिवावर येई. त्यातून आज बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिलाच दिवस. अंगावर दुकानाचा गणवेश चढला होता, पण जीव सगळा घरी अडकला होता. तिला ना आई ना सासू. नवरा एकुलता एक. मग बाळाला समोरच्या घरातल्या मावशींकडे सोपवलं होतं. मावशी कडक होत्या, खात्री पटल्याशिवाय कुणाला दार उघडत नसत. तरी काळजी ती काळजीच. नियमाप्रमाणे फोन खणात बंद होता आणि जेवणाच्या सुट्टीला अजून तीन तास होते.

बाई जरा जवळ सरकल्या. “घरमालकाला मूल चालत नाही. वास नको, कचऱ्यात काही दिसायला नको. कुणालाही कळता कामा नये.”

विक्रेतीला गलबलून आलं. गेल्या वर्षी तीही पोट ओढणीआड लपवून घरं बघत हिंडली होती.

“किती दिवसांची सोय हवी?”

“चार. मग आम्ही लांब जाणार.”

“मग बादली घेऊच नका. तिला तिच्याच पिशव्या लागतात, त्या संपल्या की बादली नुसती शोभेची. ह्या सुगंधी पिशव्या घ्या. एकेक डायपर गुंडाळायचा, घट्ट गाठ मारायची आणि पक्क्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. बाहेर जाताना दूर कुठेतरी टाकून द्या.”

“आणि डायपर कुठल्या मापाचे?”

“वजन किती बाळाचं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “तुमच्याकडे आहे का लहान?”

झालं, नळ सुटला. पहिलटकरणीला एवढं विचारलं की पुरे. तिचा मुंगळा पाच महिन्यांचा, सात किलोचा, त्याला दोन नंबरचे डायपर बसतात. मुंगळा म्हणजे लाडाचं नाव. एकदा चिकटला की सुटत नाही. झोपतो डाव्या कुशीवर, मुठीत आईचा रुमाल असला तरच. परक्याकडे जातो, पण मानेखाली गुदगुल्या केल्या तर. आता समोरच्या दारातल्या मावशींकडे आहे.

“मलाही दोन नंबरचेच द्या,” बाई म्हणाल्या. त्या मन लावून ऐकत होत्या. आजकाल इतकं कोण ऐकतं? “पुरळ उठलं तर काय लावता?”

“जस्ताचं पांढरं मलम. मागच्या गल्लीत औषधाचं दुकान आहे ना, तिथे मिळेल. आम्ही त्याच्याच वर राहतो, तिसऱ्या मजल्यावर. माझं नाव सांगा, ताजं काढून देतील.”

बाईंनी तिच्या छातीवरची नावाची पट्टी नीट वाचली. मग पिशव्या आणि डायपर घेतले, आभार मानले आणि निघून गेल्या. कुणाच्या तरी लपलेल्या लेकराची सोय लागली, म्हणून विक्रेतीला फार बरं वाटलं. बादली तिने पुन्हा फळीवर चढवली.

सुट्टी होताच तिने खण उघडला आणि पहिला फोन मावशींना लावला.

“झोपला का हो मुंगळा?”

“वाटेत झोपला असेल. आणि हे बघ, मी काही सुखासुखी दिला नाही हो. लाडाचं नाव विचारलं, कुशी विचारली, मलम विचारलं. पठ्ठीने सगळं बिनचूक सांगितलं, तेव्हा कुठे तुझ्या नणंदेच्या हातात दिला.”