आखूड नळी

बंदुकीची नळी हातभर कापा म्हणून अनसूयाबाईंनी सांगितलं, तेव्हा मोरजकरला वाटलं, दुःखाने यांचं डोकं फिरलंय. या लघुग्रहावर माणूस गेला की त्याची राख गोळीत भरून टेकडीवरून आकाशात सोडत, आणि ते काम मोरजकरचं.

"वहिनी, लांब नळीत गॅसचा रेटा गोळीला जास्त वेळ मिळतो. म्हणून तिला वेग येतो आणि ती इथली ओढ तोडून कायमची निघून जाते. नळी आखूड केली तर वेग कमी पडेल. मग गोळी लघुग्रहाला वळसा घालून परत इथेच येईल."

"येऊ दे की. जन्मभर हे बाहेरच होते. खाणीवरून एकही दिवस जेवायला वेळेवर आले नाहीत. आता आणखी कुठे जायचंय यांना?"

मोरजकरने नळी कापली, क्षितिजाच्या रोखाने बार उडवला आणि बंदूक बाजूला केली. तिच्या जागी अनसूयाबाईंनी नवऱ्याचं जाड स्टीलचं ताट उभं केलं. गोळी त्याच उंचीवरून येणार, म्हणून मोरजकरने त्यांना ओढून खडकाआड बसवलं.

दोघं वाट बघत राहिली. हवाच नसल्यामुळे आवाज असा झालाच नाही. ताट पोचा पडून एकदम आडवं झालं, गोळी फुटली आणि राख सावकाश त्याच्यावर उतरू लागली.

मोरजकरला हेल्मेटमध्ये अनसूयाबाईंचा आवाज ऐकू आला. त्या ताटाकडे बघून म्हणत होत्या, "बसा, वाढते."