जांभळं शेवाळ

दरवर्षी नवराबायको मिळून होडीचा तळ घासत. यंदा हिरोजी एकटाच खरवडायला बसला, तेव्हा हौसाबाईच्या मनात पाल चुकचुकली. शास्त्रज्ञांनी खाडीखाडीच्या शेवाळाला वेगळा रंग दिल्यापासून होडी कुठे मुक्कामाला होती ते तिचा तळच सांगे. लाल खाडीत कुणी सटवी तर भेटली नसेल?

“मी येऊ का हो घासायला?”

“नको! तू आपली भाकऱ्या थाप, जा.”

‘आई एकवीरे, संशय खोटा ठरव गं,’ म्हणत ती होडीखाली वाकलीच. तळाला शेवाळ होतं जांभळं, बोटभर जाड.

जांभळ्या खाडीवर त्यांची लेक केसर नांदत होती. तिने परजातीत लग्न केलं तेव्हा, ‘आपल्याला ती मेली, तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही,’ असं याच हिरोजीने बायकोला बजावलं होतं.

“कशी आहे हो पोर?”

हिरोजीचा हात थांबला. “तुझ्यावर रुसलीय. म्हणते, बाबा येतात, मग आईच का येत नाही?”