दुय्यम पात्र

ऑटोतून टमाट्यांचं कॅरेट उतरलं आणि त्याच्यामागून गौरांगची आई उतरली.

ठरलं होतं फक्त कॅरेट. काल जेवताना गौरांगनं सांगितलं होतं, कॉलेजच्या शूटिंगला मऊ, पडके टमाटे हवेत, ऑटोवाल्याजवळ पाठवून दे. पण शिकणाऱ्या पोरांना पडका माल पाठवायचा कसा? म्हणून पार्बताबाई इतवारा बाजारातली आपली जागा शेजारणीवर सोपवून, निवडक माल घेऊन स्वतःच आल्या होत्या. अमरावतीच्या बाजारात उभी हयात काढलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा करणं ही चूक गौरांगचीच.

"ए गौऱ्या, तुही भाजीवाली आली!" केदार ओरडला. केदार नायक होता, त्यामुळे सकाळपासून गॉगल लावून होता.

'बाबू' म्हणायला उघडलेलं तोंड पार्बताबाईंनी मिटलं आणि मुलाकडे पाहिलं. गौरांग कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय नीट करत होता. तो आधीपासूनच नीट होता.

"हो, आली," तो म्हणाला.

शूटिंग होतं रोमँटिक कॉमेडीच्या टायटल्सचं. सिनेमा नव्हताच, नुसती त्याची सुरुवात, दीड मिनिटाची, वीस मार्कांची. अशा सिनेमाला काय काय लागतं ते सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: नायक-नायिकेची धडक, काहीतरी गोल घरंगळणं, आणि कमरेवर हात ठेवून भांडणारं एक दुय्यम पात्र, ज्याला प्रेक्षक निवांतपणे हसू शकतात. त्यासाठी मंजुषा आजीचं लुगडं नेसून आली होती. केदारनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पार्बताबाईंकडे.

"मंजे, तू राहू दे. हे बाई ओरिजिनल आहे."

दिग्दर्शक गौरांग होता. नाही म्हणायचा अधिकार त्याचा. त्यानं तो वापरला नाही.

कॉलेजमागच्या रस्त्यावर पोतं अंथरून पार्बताबाईंना बसवलं. पुस्तकं छातीशी धरून नायिका स्वराली आली, मोबाइलमध्ये बघत केदार आला, धडक झाली, टमाटे रस्ताभर झाले. पार्बताबाई उठल्या आणि टमाटे ओलांडून थेट स्वरालीपाशी गेल्या.

"लागलं काय वं माय?"

"अरे, कट! मावशी, भांडा ना! शिव्या द्या!" केदार म्हणाला.

"काहून? लेकरू पडता पडता वाचलं, अन् मी शिव्या देऊ?"

सगळे हसले. मग सगळ्यांनी गौरांगकडे पाहिलं. समजावून सांगणं दिग्दर्शकाचं काम.

"मावशी," गौरांग म्हणाला. "थोडं रागावून बोला. कॅमेऱ्याकडे बघून."

पार्बताबाईंनी मान हलवली. "बोलतो ना. तुमी सांगान तसं."

पुन्हा धडक झाली, पुन्हा टमाटे घरंगळले. या वेळी पार्बताबाईंनी पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि लेन्समध्ये सरळ बघितलं.

"डोळे फुटले काय रे तुहे? एवढं मोठं मानूस समोर बसलं हाये, दिसत नाई काय?"

गौरांग ते छोट्या स्क्रीनवर बघत होता. समोर बघावं लागत नव्हतं, एवढीच कॅमेऱ्याची मेहेरबानी. 'कट' म्हणायला त्याला उशीर झाला.

टाळ्या पडल्या. "काय अ‍ॅक्टिंग आहे राव! इथंच फ्रेम थांबवू," केदार म्हणाला. मंजुषानंही लुगड्यातूनच टाळ्या वाजवल्या.

स्वराली वकिलांची मुलगी. पार्बताबाईंबरोबर खाली बसून ती टमाटे गोळा करू लागली. "मावशी, तुमचं नाव सांगा. टायटल्समध्ये टाकतो."

"पार्बताबाई."

"आणि आडनाव?"

"ते राहू दे माय." पार्बताबाई फुटलेले टमाटे बाजूला काढत होत्या. "घरी पोरगं हाये, कॉलेजात शिकून राह्यलं. त्याच्या मैतरायनं वाचलं तं त्याले बरं नाई वाटन."

"असला कसला मुलगा!"

"नाई वं, चांगला हाये. मेहनत लय करते."

स्वराली उठली, हात झटकले. "गौरांग, यांचं नाव घे लिहून."

गौरांगनं वही उघडली. नायक, नायिका, दिग्दर्शक अशी सगळ्यांची नावं त्यानं सकाळीच सुवाच्य लिहून ठेवली होती, आडनावांसकट. खाली एक ओळ रिकामी होती. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं पेनचं टोपण काढलं.

"काय म्हणालात नाव?" त्यानं विचारलं.

पार्बताबाईंनी ते पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, लिहिणाऱ्याचं चुकू नये म्हणून.