डावा कोपरा

सासऱ्यांनी चप्पल काढली, गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यात अनवाणी टाच रोवली आणि मान हलवली.

“बसली नाही अजून जमीन. दुपारपर्यंत ठोकतो. बघू.”

जावयाने कपाळावर हात मारला. काँक्रीटचा ट्रक दोनदा सांगून दोनदा परत पाठवला होता, आणि आज चार वाजता तो तिसऱ्यांदा यायचा होता. आताही परत पाठवलात तर दुसरा कुणी बघा, असं ट्रकवाल्याने फोनवर स्वच्छ सुनावलं होतं. जावई बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. बस सात मिनिटं उशिरा आली तरी त्याचं डोकं उठायचं. इथे एका मोटारीपुरता कोबा अठरा दिवस रखडला होता!

सासरे म्हणजे जन्मभर कोबे घातलेला माणूस. गोदामं, शाळा, दवाखाने, काय नाही? त्यांच्या हातचा एकही कोबा तडकला नाही, असं ते स्वतः सांगायचे आणि त्यांच्याशी भांडलेले लोकही कबूल करायचे. “वरून काय, कुणीही ओतेल,” ते म्हणायचे, “खालची जमीन कुणी केली ते विचारा.” दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि आल्या आल्या वरची सगळी माती वीतभर खणून बाहेर फेकली. मग खडी. मग मुरमाचा चार बोटं थर, त्यावर पाणी, त्यावर ठोकायची लोखंडी धुम्मस. थर बसला की पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. वय बहात्तर, धुम्मस दहा किलोची, आणि दणदणाट असा की शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “गॅरेज बांधताय की विमानतळ?”

पाचव्या दिवशी सगळी जमीन दगडासारखी झाली. राहिला तो हा एक कोपरा. सकाळभर ठोकून घट्ट करावा आणि चहाच्या वेळेला बघावं, तर पुन्हा भुसभुशीत. “खाली जुना पाझर असेल,” सासरे म्हणायचे. जावयाला वेगळीच शंका होती. म्हाताऱ्याचे हात आता चालत नाहीत, आणि ते कबूल करवत नाही. असं मनात यायचं आणि मग त्याची त्यालाच लाज वाटायची.

बायको मात्र बापाच्या मागे लागली होती, राहा म्हणून. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिकडे दोन रिकाम्या खोल्या होत्या आणि रात्रीचं जेवण म्हणजे चहात बुडवलेली बिस्किटं. पण सासरे ऐकतील तर शपथ. “कोबा झाला की मी निघालो,” हे त्यांचं पालुपद. “काम संपलं की पेटी उचलायची. बिनकामाचा माणूस म्हणजे घरात अडगळ.” लेकीने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

ट्रक यायचा म्हणून त्या दिवशी जावई अर्धी रजा टाकून दीडलाच घरी आला. पुढच्या खोलीच्या खिडकीतून सासऱ्यांचं घोरणं ऐकू येत होतं. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि आतून धप्प, धप्प असा आवाज येत होता. तो वाकून आत शिरला.

डाव्या कोपऱ्यात बायको होती. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, दोन्ही हातांत बापाची भलीमोठी पहार. खुपसत होती, उचकत होती, आणि पायाने वरचा मुरूम सारखा करत होती.

“अगं, वेड लागलंय का तुला?”

ती दचकली नाही. तिने मनगटाने घाम पुसला. “कोबा झाला की ते जाणार. तिकडे जाऊन काय करणार, सांग ना? भिंतींशी बोलणार?”

“पण त्यांना वाटत असेल ना, की आपले हात गेले!”

ती मटकन खाली बसली. “कळतं रे मला. रोज ठरवते, आज नको. मग जेवताना ते पेटी भरायचं काढतात.” आणि ती हमसून रडायला लागली.

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तिला पाणी दिलं, आत पाठवलं. पण मनाशी ठरवलं, सासऱ्यांना सांगायचं. पन्नास वर्षं ज्याने एक कोबा तडकू दिला नाही, त्याला म्हातारपणी स्वतःच्याच हातांवर संशय घ्यायला लावायचा? मग ते राहोत, नाहीतर जावोत.

चारच्या ठोक्याला ट्रक फाटकाशी उभा राहिला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. सासऱ्यांनी चप्पल काढली आणि कोपऱ्यात टाच रोवली. जावई त्यांच्याजवळ गेला.

“मामा, एक सांगायचंय. तुमच्या हातांचा यात काही दोष नाही. हा कोपरा—”

“ट्रक परत पाठवा.”

“अहो, ऐका तरी. रोज दुपारी तुम्ही झोपलात की—”

सासऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघून घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“ती मोठी पहार तिला झेपत नाही, जावईबापू. उद्यापासून तिथे लहान ठेवत जा.”