कोरडी ठणठणीत

कृष्णकांत मास्तरांनी सीटचा पट्टा पार शेवटच्या टोकापर्यंत बाहेर खेचला आणि गाडी विकणाऱ्या पोराच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"धूळ आहे काका."

"धूळ? गाळ आहे हा. वरचा पट्टा धुऊन चकाचक केला आणि आत गुंडाळलेला राहतो तो तसाच ठेवला. पुरात बुडाली आहे ही गाडी."

"कायची बुडते काका. कोरडी ठणठणीत गाडी आहे. तुमाले खोटं सांगून मले काय भेटन?"

मास्तरांचं टाळकंच सरकलं. सदर बाजारातलं जुन्या गाड्यांचं हे तिसरं दुकान आणि तिसऱ्यांदा तेच दोन शब्द. कोरडी ठणठणीत. सगळे एकाच शाळेत शिकले होते जणू.

"माझी लेक डॉक्टर आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "रोज पारशिवनीच्या दवाखान्यात जाते. मागच्या सीटवर माझी चार वर्षांची नात बसणार. पाणी प्यायलेली गाडी आतून सडते, आणि एक दिवस ऐन कन्हानच्या पुलावर दगा देते. तेव्हा तू येणार आहेस धावून?"

पोरगा मोबाइलमध्ये पाहू लागला. यमुताईंनी नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, चला. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. चोर तो आणि लाज मी वाटून घेऊ?"

दोन वर्षांमागं नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मास्तरांचं घरही सुटलं नव्हतं. बैठकीच्या भिंतीवर कंबरेएवढी रेघ अजून दिसते, दोनदा रंग देऊनही. पाणी ओसरलं आणि मग लबाड वर तरंगले, असं मास्तर म्हणत. बुडालेल्या गाड्या धुतल्या, पुसल्या, अत्तर मारलं आणि भल्या माणसांच्या गळ्यात मारल्या. या लोकांना भर चौकात उभं करून छड्या मारायला हव्यात, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते कोणी विचारायच्या आत सांगत.

म्हणून तर लेकीची गाडी निवडण्याचं काम त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं होतं. नूपुर पुण्याहून शिकून, संसार थाटून नागपुरात परत आली, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "तू मध्ये पडू नको. जवळजवळ नवी, भरवशाची गाडी मी पाहून देतो." तेव्हापासून दोन महिने ते गाड्यांचे गालिचे उचलत होते, डिकीत डोकं घालून वास घेत होते आणि एकेक गाडी नापास करत होते.

यमुताई दरवेळी सोबत असत. त्यांच्या पर्समध्ये टेकडी गणपतीसमोर ठेवून आणलेली सुपारी होती, लाल खणाच्या तुकड्यासह. नवी गाडी दारात आली की चालवणाऱ्याच्या सीटखालच्या दांडीला ती बांधायची, तीन वेढ्यांची गाठ मारून, ही त्यांच्या माहेरची रीत. ती गाठ दातानंही सुटत नसे.

रिक्षात बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आपली होती ती ठेवली असती, तर आज पोरीला दिली असती. तिनं तर ती पाहिलीही नव्हती."

"पुन्हा तो विषय नको. रिटायर माणसाला कशाला हवी गाडी? विकली ती विकली."

यमुताई बाहेर पाहत बसल्या. त्या विषयावर घरात त्यांनी तोंड उघडायचं नाही, हे ठरूनच गेलं होतं.

घरी पोचले तर फाटकात एक पांढरी गाडी उभी. नागपूरच्या उन्हात दुसरा रंग घेतो कोण? समोर झेंडूचा जाड हार नंबरच्या पाटीवरून खाली लोंबत होता. नात चिन्मयी मागच्या सीटवर आधीच चढून बसली होती. नूपुर हसत पुढं आली.

"बाबा, रागावू नका. तुम्ही एकही पास करत नव्हते. मी घेऊन टाकली."

"कोणाला विचारून? कोणाची होती?"

"एका रिटायर मास्तरांची. कन्हानच्या दलालाकडे पडून होती, मध्ये कोणी वापरलीच नाही. फार तर तीन महिने चाललेली."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाव काय त्याचं?"

"कागद सोमवारी येतील. दलाल म्हणाला, मास्तरांनी स्वतः सांगून दिली आहे, कोरडी ठणठणीत."

"पट्टा ओढून पाहिला?"

"नाही."

"काहून नाही? दोन महिने मी घसा फोडून काय सांगत होतो?" मास्तर ओरडले. "मास्तर आहे म्हणून काय झालं? मास्तर खोटं बोलत नाही?"

नूपुरला हसूच आलं. "मास्तराच्याच घरात वाढले ना मी. मास्तराची गाडी म्हटल्यावर पट्टा काय ओढायचा, बाबा?"

मास्तर हार बाजूला सारायला पुढं झाले आणि मध्येच थांबले. "चिन्मयीला उतरव आधी," ते म्हणाले.

"अहो, पूजा तर होऊ द्या," म्हणत यमुताई तबक घेऊन आल्या. त्यांनी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं. मग पर्समधली सुपारी काढून दार उघडलं, वाकल्या आणि सीटखाली हात घातला.

दांडीला सुपारी आधीच बांधलेली होती. लाल खणात, त्यांच्या माहेरच्या तीन वेढ्यांच्या गाठीनं, आणि गाळ सुकून दगडासारखी झालेली.