सड्यावरचा तेवढा तुकडा

संगणकाने तिसऱ्यांदाही तो तुकडा वगळला.

दीपाली पडद्याकडे झुकली. पाली गावामागच्या सड्याची, त्या उघड्या पठाराची, कड हिरव्या चौकोनांनी भरली होती. पाणी, माती, झाडोरा, जनावरांच्या खुणा, सारे सॉफ्टवेअरला दिले होते. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त रान कुठे परत उभे राहील, ते त्याने नेमके निवडले होते. निवडीबाहेरचे सारे चिरेखाणीला जाणार होते. तो तुकडा राखेच्या रंगाचा दिसत होता.

"तेवढा घ्याच, ताई," मागे उभा असलेला नितेश म्हणाला. रान राखणाऱ्या त्यांच्या संस्थेचा वाटाड्या तो. सारा सडा त्याच्या पायाखालचा. "वाघाची जागा आहे ती."

"कॅमेऱ्यात वर्षभर नुसती साळिंदरं," शेजारच्या टेबलावरून अनिल हसला. "वाघ तुलाच बरा भेटतो रे!"

दीपालीने त्याला डोळ्यांनीच दटावले. दोन पावसाळ्यांपूर्वी नितेशची बायको गवत कापायला त्या कडेला गेली, ती परतलीच नाही. करवंदीच्या जाळीत फाटका पदर सापडला. देह कधीच नाही. बिबट्याने, म्हणजे गावच्या बोलीतल्या वाघाने, नेली, असा पंचनामा झाला. तेव्हापासून नितेश तिथे कुणाची गुरे फिरकू देत नसे. ज्याने संसार ओरबाडून नेला, त्याच जनावरासाठी हा माणूस रान मागत होता. दुःखाला इतके रुंद अंगण असते, हे तिला ठाऊक नव्हते.

"खाणवाल्यांच्या हातात नको जाऊ दे, ताई. पाया पडतो."

तिने गणित बाजूला सारले. तो तुकडा सक्तीने निवडीत घेण्याची आज्ञा दिली. राख हिरवी झाली. नितेशने डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत गेला.

"वहिनींसाठी एवढं तरी करूया," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पहिलं झाड तिथेच लावू. उद्या सकाळी जेसीबी नेऊन चांगले खोल खड्डे घेऊ."

अनिल उगाच कागद चाळू लागला.

"जेसीबी नको, ताई." नितेश घाईघाईने म्हणाला. "खोल जातच नाही तिथं काही. खाली सगळा कातळ आहे. तिच्या वेळेला गुडघाभर खणलं, तेवढ्यातच माझी पहार वाकली."